सांताक्रूझच्या कुंपणापाशी : पंख्याची विमाने, रात्रीचे टपाल आणि माझ्या काही शंका

पार्लेकर१९४७

नमस्कार. माझा जन्म १९४७ सालचा. विलेपार्ले पूर्वेला एका वाडीत आमचे दोन खोल्यांचे घर होते आणि वाडीच्या मागची भाताची खाचरे व ताडाची झाडे ओलांडली की विमानतळाचे तारेचे कुंपण लागत असे. विमानतळाला नाव सांताक्रूझचे असले, तरी आम्हां पार्ल्याच्या मुलांना तो आमच्याच परसातला वाटे. मे महिन्याच्या सुट्टीत जेवणे उरकली की आम्ही पाच-सहा मुले त्या कुंपणाशी जाऊन बसत असू. वारा अनुकूल असला की बिस्किटांच्या कारखान्याचा गोड वास आणि विमानतळावरच्या पेट्रोलचा उग्र वास एकत्र येत असे, आणि आजही त्यांपैकी एक वास नाकाशी आला की दुसरा आपोआप आठवतो.

लिहिण्याचे कारण असे की, गेल्या महिन्यात धाकट्या बहिणीशी फोनवर बोलताना एका गोष्टीवरून आमचा वाद झाला. मला स्पष्ट आठवते की, डकोटा विमान सुरू करण्याआधी खाकी कपड्यांतली दोन माणसे त्याच्या पंख्याची पाती हातांनी ढकलत असत. एक पाते खाली आणले की दुसरे, मग तिसरे, असे बराच वेळ चाले आणि आम्ही कुंपणाबाहेरून मोठ्याने आकडे मोजत असू. बहिणीचे म्हणणे असे की, हाताने पंखा फिरवण्याचा प्रकार जुहूच्या लहान विमानांचा होता आणि एवढ्या मोठ्या प्रवासी विमानाला त्याची गरज पडणे शक्यच नाही. ती माझ्यापेक्षा चार वर्षांनी लहान असली, तरी तिची स्मरणशक्ती माझ्याहून चांगली आहे, त्यामुळे मी थोडा विचारात पडलो आहे. त्या काळात विमानांच्या कामावर असलेल्या कोणी याचा उलगडा केला तर मी आभारी होईन.

पुढचे मात्र आम्हां दोघांनाही सारखेच आठवते. पंखा आधी जड हाताने जात्याला खुंटा फिरवावा तसा हळू फिरे, मध्येच अडखळे, इंजिन खोकल्यासारखा आवाज करी आणि पांढऱ्या-निळसर धुराचा मोठा लोट मागे जाई. आग विझवण्याचे नळकांडे घेऊन एक माणूस शेजारी उभाच असे. धूर विरला की आवाज एकसुरी होई, मग तोच सगळा क्रम दुसऱ्या इंजिनाचा. त्यानंतर विमान डुलत डुलत धावपट्टीच्या टोकाला जाई, पण तिथून ते लगेच उडत नसे. जागच्या जागी उभे राहून ते आधी एका इंजिनाने आणि मग दुसऱ्याने मोठी गर्जना करी, गर्जना मध्येच किंचित खाली येई आणि पुन्हा वर जाई. चार इंजिनांचे कॉन्स्टेलेशन असले तर हा प्रकार चार वेळा चाले आणि आमच्या घरातल्या फळीवरची पितळी भांडी तेवढा वेळ किणकिणत राहत. त्या गर्जनेचा अर्थ काय, हेही मला आजवर कोणी सांगितलेले नाही.

कॉन्स्टेलेशन हे आमचे सर्वांत लाडके विमान होते. माशासारखे बाक असलेले लांब अंग, उंच आणि बारीक पाय, शेपटीला एक सोडून तीन उभे पंख, आणि नाकाजवळ इंग्रजी अक्षरांत लिहिलेले नाव. ‘रानी ऑफ झाशी’ हे नाव मी शाळेत इंग्रजी विषय सुरू होण्याआधी एका मोठ्या मुलाकडून वाचून घेतले होते आणि झाशीच्या राणीचे विमान आपल्या घरावरून जाते याचा मला विलक्षण अभिमान वाटत असे. १९५८ साली नवीन इमारत झाली, तेव्हा वडील आम्हांला प्रेक्षकांच्या सज्जात घेऊन गेले. एका माणसाला निरोप देण्यासाठी चाळीस-चाळीस माणसे हार घेऊन आलेली मी तिथेच पहिल्यांदा पाहिली. प्रवासी स्वतःच्या पायांनी विमानापर्यंत चालत जाई आणि शिडीच्या वरच्या पायरीवर थांबून मागे वळून पाही. सज्जातून नाव घेऊन मारलेली हाक त्याला ऐकू जात असे.

आता शेवटची शंका, आणि खरे तर माझ्यासाठी तीच सर्वांत महत्त्वाची आहे. माझे वडील टपाल खात्यात सॉर्टिंगच्या कामावर होते आणि १९५४ पासून काही वर्षे त्यांना विमानतळावर रात्रपाळी असे. ते संध्याकाळी जात आणि टपालाच्या थैल्या विमानात चढवून झाल्या की मध्यरात्रीच्या आधी सायकलने घरी येत. रात्री विमान कुठे जाते, असे मी एकदा विचारले तेव्हा त्यांनी “नागपूरला” एवढेच उत्तर दिले होते. मुंबईहून नागपूरला रोज इतकी पत्रे कशी जात असतील, याचे मला तेव्हाही नवल वाटले होते. वडील मितभाषी होते, मीही पुन्हा विचारले नाही, आणि ते जाऊन आता चाळीस वर्षे झाली. या रात्रीच्या विमानाविषयी कोणाला माहिती आहे का?

आणखी एक आठवण लिहितो, तिचा या प्रश्नाशी संबंध आहे की नाही ते मला ठाऊक नाही. पहाटे पाचच्या सुमारास पूर्वेकडून एक विमान खाली उतरत येई आणि त्याचा आवाज ऐकला की आई उठून स्टोव्ह पेटवी. आमच्या घरात गजराचे घड्याळ नव्हते.

कलिना_वर्कशॉप

आपला प्रश्न वाचून फार बरे वाटले. मी १९५८ साली अप्रेंटिस म्हणून सांताक्रूझच्या हँगरमध्ये कामाला लागलो आणि पहिली काही वर्षे याच इंजिनांवर काढली, त्यामुळे आपल्या वादाचा निकाल मला देता येईल. आपण म्हणता ते बरोबर आहे आणि आपल्या भगिनी म्हणतात तेही बरोबर आहे, मात्र दोन्ही ठिकाणी पंखा फिरवण्याची कारणे निरनिराळी होती.

जुहूला फ्लाइंग क्लबची टायगर मॉथसारखी लहान विमाने असत. त्यांना विजेचा स्टार्टर नसल्यामुळे पात्याला हाताने हिसका देऊनच इंजिन सुरू करावे लागे. डकोटाला स्टार्टर होता. तिच्या प्रत्येक इंजिनात चौदा सिलिंडर, सात-सातच्या दोन रांगांत, फुलाच्या पाकळ्यांसारखे गोलाकार बसवलेले असत आणि एका इंजिनाची शक्ती सुमारे १२०० अश्वशक्ती होती. गोलाकार मांडणी म्हटली की काही सिलिंडर डोके खाली करून असणार हे ओघानेच आले. इंजिन रात्रभर उभे राहिले की वंगणाचे तेल हळूहळू झिरपून त्या खालच्या सिलिंडरांत साठते. हवा दाबली जाते, तेल दाबले जात नाही. अशा स्थितीत एकदम स्टार्टर मारला तर दट्ट्या त्या तेलावर आदळतो आणि त्याला जोडलेला दांडा वाकतो. वाकलेला दांडा कधी कधी लगेच कळतही नाही आणि पुढे आकाशात असताना तुटतो, म्हणून हा धोका आम्हांला पहिल्याच आठवड्यात शिकवला गेला. पाती हाताने फिरवून घेण्याचे कारण हेच. पाते अडले की जोर लावायचा नाही, उलट दिशेने तर कधीच फिरवायचे नाही, कारण त्यामुळे तेल आत येणाऱ्या हवेच्या नळीत ढकलले जाते आणि धोका पुढे ढकलला जातो, टळत नाही. खालच्या सिलिंडरांचे स्पार्क प्लग काढून तेल निथळू द्यायचे, हाच त्यावर उपाय. आमच्या फोरमननी मला पात्यावर हात ठेवायला लावून ‘अडणे’ म्हणजे काय ते हाताला समजावून दिले होते. ते पुस्तक वाचून कळत नाही.

आपण पाहिलेला पांढरा-निळसर धूर हे तेच उरलेले तेल जळण्याचा धूर होता. प्रवासी घाबरत, पण आम्हांला त्या धुरात काही वावगे वाटत नसे. धूर मुळीच आला नाही तर मात्र आमचे एक जुने मेकॅनिक टाकीतले तेल पुन्हा तपासून पाहत.

धावपट्टीच्या टोकाशी होणाऱ्या गर्जनेचे उत्तरही सोपे आहे. प्रत्येक सिलिंडरला दोन स्पार्क प्लग आणि प्रत्येक इंजिनाला ठिणगी पुरवणारे दोन मॅग्नेटो असत, म्हणजे एक बिघडला तरी दुसऱ्यावर काम चालावे. उडण्याआधी वैमानिक इंजिन वेगात आणून आधी एक मॅग्नेटो बंद करी, मग तो चालू करून दुसरा बंद करी, आणि फेरे किती उतरतात ते पाही. आपल्याला आवाज मध्येच किंचित खाली गेल्यासारखा वाटे तो त्याच क्षणी. फेरे ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त उतरले तर विमान परत फिरवून आणत आणि आमची जेवणाची सुट्टी तिथेच संपत असे. कॉन्स्टेलेशनच्या एका इंजिनात अठरा सिलिंडर होते, म्हणजे चार इंजिनांचे मिळून बहात्तर सिलिंडर आणि एकशे चव्वेचाळीस स्पार्क प्लग. आपली भांडी किणकिणत होती तेव्हा हे सारे तपासले जात होते.

तिच्या तीन शेपट्यांविषयी आपण विचारलेले नाही, तरी सांगतो. एवढ्या मोठ्या विमानाला एकच उभी शेपटी दिली असती तर ती इतकी उंच झाली असती की त्या काळच्या हँगरच्या दारातून आत गेली नसती. म्हणून तेच क्षेत्रफळ तीन बुटक्या शेपट्यांत वाटून दिले. डकोटाची शेपटी जमिनीला टेकलेली असे त्यालाही कारण होते. मोठी दोन चाके पुढे आणि लहानसे चाक शेपटीखाली ठेवले की नाक वर राहते आणि पंख्याची पाती खडबडीत जमिनीपासून सुरक्षित अंतरावर राहतात. ते विमान माळरानावरही उतरू शकत असे आणि आपल्या देशात तेव्हा तशाच धावपट्ट्या अधिक होत्या.

१९५७ साली व्हायकाउंट आले आणि हँगरमधले वातावरण बदलले. त्याला पंखे होते, पण ते फिरवणारे इंजिन टर्बाइनचे होते. पाती ढकलणे नाही, खोकणे नाही, धुराचा लोट नाही, फक्त बारीक शिट्टीसारखा चढत जाणारा आवाज. फेब्रुवारी १९६० मध्ये पहिले बोइंग ७०७ आले तेव्हा आम्ही सारे कामगार बाहेर येऊन उभे राहिलो होतो, आणि त्यानंतर दोनच वर्षांत, १९६२ साली, एअर-इंडियाचा सारा ताफा जेटचा झाला. त्या दिवसांचा मला अभिमान आहे. तरीही, पात्यावर हात ठेवून इंजिनाच्या पोटात काय चालले आहे ते ओळखण्याची जी विद्या आम्ही शिकलो, तिची गरज माझ्या बाविसाव्या वर्षीच संपली, याची रुखरुख अजून जात नाही.

रात्रीच्या टपालाविषयी मला ऐकीव माहिती आहे, परंतु जाणकारांनी लिहावे हे बरे.

भावनगरची_मुलगी

मी आतून पाहिलेल्या डकोटाविषयी थोडेसे लिहिते. माझे वडील बँकेत होते आणि पन्नाशीच्या दशकात त्यांची बदली भावनगरला झाली होती. मुंबईहून आगगाडीने जायचे तर अहमदाबादेवरून फार मोठा वळसा पडे, आणि विमानाने मात्र खंभातचे आखात ओलांडले की भावनगर. आजी आजारी पडली तेव्हा आई, मी आणि माझा धाकटा भाऊ असे आम्ही पहिल्यांदा विमानाने मुंबईला आलो. मी आठ वर्षांची होते.

सामानाबरोबर आमचेही वजन करण्यात आले. काट्यावर चढताना आईला फार संकोच वाटला होता, ते मला नीट आठवते. वरच्या प्रतिसादात शेपटीचे कारण वाचले आणि एक जुनी गोष्ट लक्षात आली. दार मागच्या बाजूला असे, त्यामुळे आत शिरल्यावर आसनांच्या हातांना धरत चढावर चालावे लागे, आणि भावाला वाटले की विमान बिघडले आहे. उडण्यापूर्वी ताटातून गोळ्या आणि कापसाचे बोळे आले. विमानात हवेचा दाब राखण्याची सोय नसल्यामुळे ते फार उंच जात नसे, म्हणून खाली सगळे दिसे. मिठागरांचे चौकोन, आखाताचे गढूळ पाणी, आणि त्यावर सरकणारी आमच्याच विमानाची सावली. उन्हाळ्याच्या दुपारी हवा तापलेली असल्याने विमान सतत खाली-वर होत होते, अर्धे प्रवासी कागदी पिशव्या तोंडाशी धरून बसले होते आणि आई डोळे मिटून रामरक्षा म्हणत होती. मी खिडकीतून इंजिनावरून ओघळलेली तेलाची काळी रेघ पाहत होते. इतक्या वर्षांनी आज कळले की ती तशी असायचीच.

जुहूतारा

मूळ प्रश्न सांताक्रूझचा असला, तरी जुहूचा उल्लेख आला आहे आणि मी जुहूची असल्यामुळे लिहिल्यावाचून राहवत नाही. आपल्या देशातला नागरी विमानांसाठीचा पहिला विमानतळ १९२८ साली जुहूलाच सुरू झाला. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे टपाल घेऊन आपले पस मॉथ विमान जुहूलाच उतरवते झाले. तिथून ते टपाल नेव्हिल व्हिन्सेंट यांनी बल्लारीमार्गे मद्रासला नेले. त्या सेवेच्या पहिल्या संपूर्ण वर्षात अवघ्या १५५ माणसांनी प्रवास केला होता. जुहूची जमीन चिखलाची आणि समुद्रालगतची, त्यामुळे पावसाळ्यात ती पाण्याखाली जाई आणि टाटांना चार महिने आपला मुक्काम पुण्याला हलवावा लागे. हे सर्व माझ्या जन्माआधीचे. माझ्या वडिलांना मात्र चिखलात रुतलेली विमाने आठवत असत.

मला स्वतःला आठवते ते १९५३ सालचे, मी सहा वर्षांची असतानाचे. जुलै महिना होता आणि धो धो पाऊस चालू होता. एका दुपारी थोरला भाऊ धावत आला आणि म्हणाला की जुहूला एक भलेमोठे विमान उतरले आहे आणि त्याला पंखाच नाही. आम्ही एका छत्रीखाली तिघे असे पळत गेलो. कुंपणापाशी गर्दी लोटली होती. ते चंदेरी विमान पावसात एकटे उभे होते, आणि भाऊ म्हणाला ते खरे होते. पंखा कुठेच नव्हता, पंखांच्या मुळाशी नुसती भोके होती. माझ्या शेजारी उभ्या असलेल्या एका कोळी आजींनी तर, पंखा वाटेत समुद्रात पडला असेल, म्हणून हळहळ व्यक्त केली होती. पुढे मोठेपणी कळले की ते कॉमेट जातीचे जेट विमान होते, १५ जुलैला ते सांताक्रूझ समजून चुकून जुहूच्या आखूड धावपट्टीवर उतरले होते आणि सुमारे नऊ दिवसांनी ते तिथून उडवून नेण्यात आले. दोन धावपट्ट्या इतक्या जवळ आहेत की अशीच चूक २४ सप्टेंबर १९७२ रोजी एका डीसी-८ कडूनही झाली. कॉमेट उडाले त्या दिवशी मी शाळेत होते, आणि ते पाहायला मिळाले नाही याचे वाईट वाटणे पुढे पुष्कळ वर्षे टिकले.

१५ ऑक्टोबर १९८२ ला जे. आर. डी. पुन्हा त्याच मार्गाने जुहूला आले. या वेळी लेपर्ड मॉथ विमान होते आणि त्यांचे वय ७८ होते. त्या लहानशा विमानाचा फटफट आवाज समुद्राकडून ऐकू आला तेव्हा माझे वडील हयात होते. ते खुर्चीतून उठून उभे राहिले.

सोनेगाव_नागपूर

पार्लेकर, आपल्या वडिलांनी दिलेले उत्तर एका शब्दाचे असले, तरी अगदी खरे होते. ती सारी पत्रे नागपूरकरांची नव्हती. माझे मामा सोनेगाव विमानतळावर नोकरीला होते आणि लहानपणी मी त्यांच्या घरी राहत होतो, म्हणून हा प्रकार मी डोळ्यांनी पाहिला आहे.

जानेवारी १९४९ मध्ये रात्रीच्या हवाई टपालाची सेवा सुरू झाली. तिची कल्पना अतिशय सुंदर होती. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास या चारही शहरांतून रोज रात्री एकेक विमान निघे आणि चारही विमाने मध्यरात्रीनंतर नागपूरला येऊन मिळत. नागपूर देशाच्या जवळजवळ मध्यावर असल्यामुळे हे शक्य होते. तिथे थैल्यांची अदलाबदल होई. मुंबईच्या विमानातून दिल्ली, कलकत्ता आणि मद्रासच्या थैल्या उतरत आणि त्या तिन्ही शहरांहून मुंबईसाठी आलेल्या थैल्या त्यात चढत. मग प्रत्येक विमान आले तसे आपल्या गावी परत जाई आणि उजाडण्याच्या सुमारास तिथे पोचे. त्यामुळे संध्याकाळी मुंबईत टाकलेले पत्र दुसऱ्या दिवशी कलकत्त्याला वाटले जाई. त्याच वर्षी एप्रिलपासून साध्या पत्रांनाही जादा आकार न घेता विमानाने नेण्यास सुरुवात झाली, म्हणून थैल्या एवढ्या जड असत. विमाने आधी डकोटा होती, पुढे चार इंजिनांची स्कायमास्टरही आली. थोडे प्रवासीही असत, आणि रात्री दोन वाजता उपाहारगृहात बंगाली, तमिळ, पंजाबी आणि मराठी माणसे एका टेबलावर चहा पिताना पाहायची असतील तर त्या काळी सोनेगावला जायला हवे होते.

मामांनी मला पहिल्यांदा नेले ती थंडीची रात्र होती. आधी आकाशात एक दिवा दिसला, तो हळूहळू मोठा झाला, मग आवाज आला. मामा न पाहता सांगत, “हे मद्रासचे.” ते आवाजावरून ओळखतात असे मला वाटे. पुढे कळले की ते दिशेवरून आणि वेळेवरून ओळखत असत. चौथे विमान उतरेपर्यंत बोलणे कमी असे. एखादे उशिरा येणार असे कळले की बाकीची तिन्ही थांबत, आणि विमानतळावरचा प्रत्येक माणूस, अगदी थैल्या वाहणारे हमालसुद्धा, बाहेर येऊन त्या दिशेला पाहत उभे राहत. हे कौतुकाने सांगतो आहे, परंतु ते काम धोक्याचे होते, हेही सांगायला हवे. डिसेंबर १९५३ मध्ये सोनेगावहून मद्रासकडे निघालेले टपालाचे विमान उडाल्यावर लगेच कोसळले आणि त्यातली बहुतेक माणसे गेली. त्यानंतर काही दिवस मामा घरी जेवत नव्हते. दुसऱ्याच रात्री विमाने मात्र पुन्हा आली होती.

पार्लेकर१९४७

सर्वांचे मनःपूर्वक आभार. कलिना_वर्कशॉप यांचा प्रतिसाद बहिणीला फोनवर वाचून दाखवला. तिने तो दोनदा वाचायला लावला आणि वाद मिटला. भावनगरच्या ताईंनी वर्णिलेला चढ आम्ही बाहेरून रोज पाहत होतो, परंतु आत चालणाऱ्याला तो कसा वाटत असेल हे आमच्या कधी मनात आले नाही. जुहूच्या कॉमेटविषयी मी काहीच ऐकले नव्हते. तेव्हा मीही सहाच वर्षांचा होतो आणि घरापासून ते विमान फार तर दोन-तीन मैलांवर उभे असणार.

सोनेगावच्या मित्रांना एक विचारतो. मुंबईचे विमान परत किती वाजता पोचत असेल? वडील रात्री घरी आले की लगेच झोपत नसत. हातपाय धुऊन ते गच्चीवर जाऊन उभे राहत. एका विमानाचा आवाज कुर्ल्याच्या दिशेने दूर जात असे, तो पूर्ण विरला की मगच ते खाली येत. उकाड्यामुळे ते वर जातात असे आम्ही समजत होतो, पण थंडीतही ते जात असत.

सोनेगाव_नागपूर

मुंबई-नागपूर अंतर हवेतून सुमारे सातशे किलोमीटर आहे आणि डकोटाला त्यासाठी अडीच ते तीन तास लागत. नागपूरहून मुंबईचे विमान दोन-अडीचच्या सुमारास निघत असे, असे मामांच्या बोलण्यावरून आठवते. म्हणजे ते आपल्याकडे पहाटे पाचच्या आसपास, पूर्वेकडूनच येत असणार.

आपल्या आईंनी ज्या आवाजावर स्टोव्ह पेटवला, ते आपल्या वडिलांनी थैल्या भरून पाठवलेले विमान होते, असे मला वाटते.

पार्लेकर१९४७

होय. वेळ जुळते. आई त्या वेळी एकच कप चहा करीत असे आणि वडिलांना उठवून देत असे. विमान आले, एवढेच म्हणत असे.